बाळाशेठचा चुना आणि भोरचा गॅस

भर दुपारी भोरच्या बाजारपेठेत गॅसचे दिवे जळत होते आणि ते कुणी विझवू नयेत म्हणून मी पेठेतून फेऱ्या मारत होतो.

श्रावण होता, पण चार दिवस पावसानं उघडीप दिली होती. लख्ख ऊन पडलेलं. कापडाच्या दुकानासमोरचा दिवा मला विझलेला दिसला. आत जाऊन विचारलं, "दिवा कुणी बंद केला?"

"मीच केला," दुकानदार म्हणाला. "ऊन पडलंय."

"परत लावा."

"मास्तर, ऊन पडलंय म्हटलं. गिऱ्हाईक हसतंय मला."

"आमचा गॅसचा होल्डर गळ्यापर्यंत भरलाय. गॅस कुठंतरी जळायलाच पाहिजे. संध्याकाळपर्यंत कळ काढा."

त्यानं कपाळाला हात लावला आणि काडी ओढली. मी बाहेर आलो तर दिव्याखाली भोर संस्थानच्या दरबारचे एक अंमलदार उभे होते. उन्हासाठी छत्री उघडलेली. त्यांनी छत्री जराशी मागं केली, दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"गॅसवाले तुम्हीच का?"

"होय साहेब."

"हे दिवे दिवसा कशासाठी जळतायत?"

मी खरं तेच सांगितलं. "पोरांना डांग्या खोकला झालाय, साहेब."

त्यांनी दिव्याकडं परत एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी येऊन तुमचा कारखाना बघतो," आणि छत्री पुढं घेऊन निघून गेले.

माझं उत्तर वेड्यासारखं वाटेल, पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी मुंबईच्या एका गॅस कारखान्यात फिटर होतो. दगडी कोळशापासून गॅस कसा काढतात हे आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून दोन शब्दांत सांगतो. कोळसा जाळायचा नाही, भाजायचा. बंद मडक्यात शेंगा भाजाव्यात तसा. हे मडकं म्हणजे भाजक्या मातीचं लांबोडकं नळकांडं. त्याला रिटॉर्ट म्हणतात. त्याच्याखाली भट्टी रात्रंदिवस पेटती. आतल्या कोळशातून धूर निघतो, तो थंड केला की डांबर वेगळं होतं आणि उरतो गॅस. हा गॅस घाण असतो. तो चुन्याच्या पेट्यांतून नेला की चुना घाण शोषून घेतो आणि स्वच्छ गॅस पुढं जातो. पुढं असतो होल्डर. पाण्यानं भरलेल्या हौदात पालथी घातलेली लोखंडी घागर समजा, घराएवढी. गॅस भरला की घागर वर तरंगते, दिवे लागले की हळूहळू खाली बसते. मागं रिटॉर्टमध्ये राहतो कोक, म्हणजे भाजून हलका झालेला कोळसा. लोहार त्याच्यासाठी रांग लावतात.

मुंबईत तेव्हा विजेचे दिवे जोरात होते आणि गॅसचे दिवस भरत आले होते. भोरचे बाळाशेठ आमच्या कारखान्यात आले ते नेमके याच सुमाराला. तिसाच्या सालानंतरची गोष्ट आहे ही. गोरा, गोल माणूस, गळाबंद कोट, बोलणं मिठास. भाटघरचं नवं धरण बांधलं जात असताना तिथं चुना पुरवून यांनी नाव काढलेलं. एका बंद पडलेल्या गिरणीचा छोटा गॅस प्लांट त्यांनी लिलावात उचलला होता. तो भोरला नेऊन उभा करायला त्यांना माणूस हवा होता. आमच्या फोरमननं माझ्याकडं बोट दाखवलं. मला बढती मिळत नव्हती आणि लग्नही झालेलं नव्हतं. मी हो म्हटलं.

सामान कात्रजच्या घाटातून बैलगाड्यांनी आलं. नदीच्या बाजूला, पेठेपासून जरा लांब, शेड उभी राहिली. भट्टीवर इमामभाई आले. हे भोरचेच. धरणावरच्या वाफेच्या इंजिनाला कोळसा घालून घालून त्यांचे दंड खोडासारखे झाले होते आणि भट्टीचा रंग बघून ते उष्णता ओळखत. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की ऐकावं लागायचं. पेठेतून नळ टाकले, दुकानांपुढं दिवे बसवले. बाळाशेठनी शेडच्या मागं चुन्याच्या डोंगराएवढ्या राशी आणून टाकल्या. गाड्या येतच होत्या. मी विचारलं, "शेठ, एवढा चुना कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, गॅस चुन्यातून न्यावा लागतो?"

"हो, पण आपल्या पेट्या लहान. आठवड्याला चार-सहा पाट्या पुरतात."

बाळाशेठचा चेहरा उतरला. तेव्हा मला उलगडा झाला. धरण पूर्ण झालं होतं. तीन भट्ट्यांचा चुना पडून होता आणि पावसानं विरत होता. गॅसला चुना लागतो हे कुठंतरी त्यांच्या कानावर आलं, म्हणून त्यांनी गॅसचा कारखाना विकत घेतला. दिवे, उजेड, पेठेची शोभा हे सगळं नंतरचं. चुना खपावा म्हणून भोरला गॅस आला.

"आणि वापरलेल्या चुन्याचं काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो बाहेर काढून टाकायचा."

"म्हणजे चुना तेवढाच राहणार?"

"तेवढाच. फक्त त्याला वास येणार."

ते राशीवर बसले. "मास्तर," म्हणाले, "आजवर मी लोकांना चुना पुरवला. मला चुना लावणारा तो लिलाववाला पहिलाच."

तरीही त्यांनी कारखाना चालू केला. माणूस हट्टी होता. अडचण निघाली ती गिऱ्हाईकांची. लोकांना गॅस म्हटलं की गॅसबत्तीच आठवे, म्हणजे वरातीत डोक्यावर घेतात ती रॉकेलची. पहिल्या आठवड्यात माझ्याकडं दुरुस्तीसाठी सात-आठ बत्त्या आल्या. किकवीहून एका लग्नघरचे पाहुणे आले. त्यांना आमच्या दिव्याचा उजेड पसंत पडला.

"वरातीला किती बत्त्या देताल?"

"ही बत्ती हलत नाही. नळाला जोडलेली असते."

"डोक्यावर घ्येता येत न्हाई?"

"नाही."

त्यांनी आपसांत विचार केला. मग त्यांतला वडीलधारा म्हणाला, "मग आमी वरात हितंच उभी करतो. नवरा-नवरी दिव्याभवती फिरतील. चालंल?"

अशी एक वरात खरंच झाली. बाकी पेठेनं दिवे फुकट होते तोवर लावले. कोक लोहारांनी नेला, डांबर गाड्यांच्या आणि होड्यांच्या कामाला गेलं. गॅस मात्र कुणाला फारसा नको होता. इमामभाई म्हणायचे, "मास्तर, गाय हाय, शेण खपतंय, दूध नासतंय."

मग मारुती आला.

मारुती गुंजवण्याचा. पुण्याच्या स्टेशनातून आमचा कोळसा त्याच्या गाडीनं यायचा. एके दिवशी गाडीत गोणपाटावर त्याची पोरगी झोपलेली होती. पारू, चार-पाच वर्षांची. झोपलेली म्हणजे काय, खोकून खोकून दमलेली. डांग्या खोकला ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. पोर खोकतं, खोकतच राहतं, निळं पडतं, आणि शेवटी श्वास ओढताना कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघतो. तिची आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून मारुती तिला गाडीतूनच घेऊन हिंडत होता. कोळसा उतरवायचा म्हणून त्यानं तिला सावलीला निजवलं. सावली होती ती वापरलेल्या चुन्याच्या ढिगाची. कुजक्या अंड्यासारखा वास येतो त्याला. पोर आधी जोरात खोकली, ओकली, आणि मग गाढ झोपून गेली.

पुढच्या खेपेला मारुती आला तो हसतच. "मास्तर, तुमच्या चुन्यानं गुण दिला. पोरगी लई दिसांनी निजली."

मी त्याला म्हटलं, "मारुती, ओकल्यावर पोरांना झोप लागतेच. चुन्याचा काही संबंध नाही."

"आसंल," तो म्हणाला. पण बरोबर त्यानं आणखी दोन पोरं आणली होती.

हे वेड भोरचंच होतं असं नाही. आमच्या मुंबईच्या कारखान्याच्या फाटकावरही आया पोरांना घेऊन बसायच्या. साहेबलोकांच्या देशातही असंच करतात असं आमचा फोरमन सांगायचा. पण तिथं दारावर पठाण असायचा. इथं दारावर बाळाशेठ होते.

त्यांना बातमी लागली आणि त्यांचा कायापालट झाला. त्यांनी पटका बांधला, ढिगाभोवती घोंगड्या अंथरल्या. वेल्ह्याकडून, किकवीकडून, नदीपलीकडच्या वाड्यांतून आया पोरं घेऊन येऊ लागल्या. घरी जाताना प्रत्येकीच्या पदरात बाळाशेठ चुन्याची पुरचुंडी बांधून देत आणि उशाला ठेवायला सांगत. कुणाकडून त्यांनी एक पै घेतली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. ढीग कमी होतोय एवढ्यानंच ते सुखी होते. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्याकडं चुना मागायला चालत येत होते.

मी एकच अट घातली. "बसायचं ते बाहेर, उघड्यावर. चुन्याच्या पेट्या आहेत त्या खोलीत कुणीही पाऊल टाकायचं नाही."

"का?"

"तिथं गॅस असतो. त्यातला एक भाग रक्तात शिरला की माणूस श्वास घेत असतानाच आतून गुदमरतो. कळतसुद्धा नाही. झोप लागल्यासारखं होतं."

"बरं बरं," बाळाशेठ म्हणाले. मी इमामभाईंकडं पाहिलं. इमामभाईंनी दोन्ही डोळे मिटून मान हलवली, म्हणजे त्यांनाही ते 'बरं बरं' आवडलं नव्हतं.

आता दिव्यांचं. चुन्याला तो वास लागायचा तर त्यातून घाण गॅस जायला हवा. गर्दी वाढली तसा वासाचा चुना कमी पडू लागला. ताज्या चुन्यावर बसायला आया तयार नव्हत्या. "ह्याला वास न्हाई," म्हणायच्या, "ह्यो कच्चा हाय." मग बाळाशेठ म्हणणार, "मास्तर, आणखी गॅस काढा." गॅस काढला की होल्डर चढायचा. होल्डर पुरता वर आला की गॅस हौदाच्या काठातून बुडबुडत बाहेर पडतो, आणि तो भोरभर पसरू देणं बरं नव्हे. म्हणजे तो जाळायचा. जाळायचा कुठं, तर पेठेतल्या दिव्यांत. रात्र पुरेना म्हणून दिवसा.

असे भोरच्या पेठेत भर दुपारी दिवे जळत होते ते पोरांच्या खोकल्यापायी. अंमलदारांना मी तेच सांगितलं होतं.

सोमवारी साहेब येणार हे मी बाळाशेठना सांगितलं. मला वाटलं, ते घाबरतील आणि हा प्रकार जरा कमी करतील. ते खूश झाले.

"येऊ द्या! त्यांना दाखवूच. सोमवारपर्यंत सगळी पोरं खडखडीत बरी पाहिजेत."

"शेठ, हा खोकला आपल्या वेळेनं जातो. दोन-तीन महिने घेतो. सोमवार त्याला कळत नाही."

"तुम्ही दिव्यांचं बघा, मास्तर. औषधाचं मी बघतो."

रविवारी पाऊस परत आला. भोरचा पाऊस, समोरचा डोंगर पुसून टाकणारा. भाताची लावणी उरकलेली, त्यामुळं बायका रिकाम्या होत्या आणि पावसातही इरली पांघरून आल्या होत्या. मी सकाळीच पेठेत गेलो होतो. एका नळात पाणी शिरलं होतं आणि दिवे धापा टाकत होते. काम उरकून दुपारी परतलो तेव्हा अंगणात एकही माणूस नव्हता. घोंगड्याही नव्हत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, पावसानं पिटाळलं सगळ्यांना.

मग पेट्यांच्या खोलीबाहेर, वळचणीला, बाळाशेठ दिसले. डोक्यावर पटका, हातात पितळी तबक. तबकात कापूर आणि निरांजन. खोलीचं दार लावलेलं होतं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं.

"शेठ, आत कोण आहे?"

"सगळे आहेत. पावसात भिजत होती पोरं, म्हणून आत बसवली. वास बाहेर जाऊ नये म्हणून फटी बुजवल्या. एका पेटीचं झाकणही मीच जरा सैल केलंय, म्हणजे अर्क नीट लागेल." त्यांनी एक बोट वर केलं. चेहरा समाधानानं फुललेला. "ऐका."

मी ऐकलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"काय ऐकू?"

"तेच तर! कुणी खोकत नाहीये. सकाळी केवढा कालवा होता. गुण आला, मास्तर! आता आत जाऊन देवाची आरती करतो." आणि त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

मी आधी तबकावर हात मारला. निरांजन चिखलात गेलं. मग काडेपेटी हिसकावून होल्डरच्या हौदात फेकली. बाळाशेठ ओरडले, "अहो, आरतीचं तबक!" मी गोणपाट ओढलं, दार लोटलं. आतून आलेली हवा गरम आणि कुजक्या वासाची होती. "इमामभाई!" मी ओरडलो. "माणसं काढा! दिवा आणू नका!"

इमामभाई फावडं टाकून भट्टीवरून धावत आले. गाडी सोडून छपराखाली बसलेला मारुतीही आला. पारू आत होती. श्वास कोंडून आत जायचं, हाताला येईल त्याला ओढायचं, बाहेर टाकायचं, परत श्वास घ्यायचा. आत पोरं आयांच्या मांडीवर पडली होती आणि आया भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाल लाल, तकतकीत. बघणाऱ्याला वाटावं, केवढी निरोगी माणसं झोपलीत. या गॅसची खूण तीच असते. मारुतीनं पारूला उचललं तेव्हा तिची मान मागं लोंबली. "मास्तर, ही हालंना," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

आम्ही सगळ्यांना पावसात चिखलावर निजवलं. कारखान्यात आम्हाला शिकवलेलं असतं: गुदमरलेल्या माणसाला पालथं घालायचं, दोन्ही हातांनी पाठीवर बरगड्यांपाशी दाब द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. मी पारूला घेतलं. इमामभाईंना दाखवलं, त्यांनी दुसऱ्या पोराला घेतलं. त्यांच्या एवढाल्या दंडांतून इतका हलका दाब कसा निघत होता कोण जाणे. बाळाशेठ पटका सुटलेल्या अवस्थेत एका म्हातारीला स्वतःच्या छत्रीनं वारा घालत होते आणि "चुना चांगला होता हो, चुना चांगला होता," असं पुटपुटत होते.

आया एकेक करून हलू लागल्या. कण्हत उठून बसल्या, ओकल्या, पोरं शोधू लागल्या. पोरं हलत नव्हती. मी दाबत होतो, सोडत होतो. मारुती माझ्या समोर उकिडवा बसून पारूच्या पायांचे तळवे चोळत होता. आम्ही कुणी कुणाकडं बघत नव्हतो.

आणि पारू खोकली.

एकदा, मग दुसऱ्यांदा. मग तोच भयंकर उबळीचा खोकला, निळं पडणं आणि शेवटी पिल्लासारखा ओढलेला श्वास. "खोकली!" इमामभाई ओरडले. "मास्तर, खोकली!" मारुती मटकन चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. थोड्या वेळानं इमामभाईंच्या हाताखालचं पोर खोकलं. मग आणखी एक. मग अंगणात असा कालवा उठला की पावसाचा आवाज ऐकू येईना. ज्या खोकल्यावर औषध म्हणून ही सगळी माणसं कोसच्या कोस चालत आली होती, तो खोकला परत आला म्हणून बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. कुणीही दगावलं नाही. दोन दिवस डोकी दुखली, तेवढंच.

मला वाटलं, आता तरी हे थांबेल. लोक बाळाशेठना जाब विचारतील, निदान इकडं फिरकणार नाहीत.

सोमवारी पहाटेच फाटकावर कालच्या दुप्पट गर्दी होती.

"पोरं मेल्यावानी झाली हुती म्हनं," एक बाई मला कौतुकानं सांगत होती, "आन् परत उठली. लई जालीम औषध हाय तुमचं. आमाला बी आत बसवा."

बाळाशेठ फाटकाशी हात जोडून उभे होते. रात्रभर झोपले नव्हते, हे दिसत होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी दार उघडं ठेवतो. आणि थोडाच वेळ."

"शेठ, काल तुमच्या हातात काडेपेटी होती."

"म्हणून तर म्हणतो, आरती नको. नुसतं बसवू."

"तुम्ही त्यांना परत पाठवा."

"कसं पाठवू? तुम्हीच सांगा ना त्यांना." ते खरंच हतबल होते. "मी सांगितलं, काल चूक झाली. तर म्हणतात, औषध कुणाकुणाला देणार तेवढं सांगा."

मी फाटकावर चढून सांगितलं. हा विषारी वायू आहे, खोकला आपोआप जाईल, पोरांना घरी न्या, गरम पाणी द्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मी उतरल्यावर एक म्हातारा म्हणाला, "मोठा मानूस हाय. सोताची इद्या लपवतोय."

मी मारुतीकडं वळलो. "मारुती, तू तरी सांग. तुझी पोर मरता मरता वाचली."

मारुतीनं डोकं खाजवलं. "म्या सांगितलं मास्तर, रातीच सांगितलं. म्हटलं, पारू मेली हुती, मास्तरनी परत आनली. तवाच तर हे समदे आलं."

तेव्हा मी भट्टीकडं गेलो. मातीच्या रिटॉर्टचा एक स्वभाव असतो. तो एकदा तापला की वर्षानुवर्षं तापलेलाच ठेवावा लागतो. थंड होऊ दिला की तडकतो, आणि तडकलेला रिटॉर्ट म्हणजे फुटकं मडकं. म्हणून गॅस कारखान्याला दिवाळी नसते, दसरा नसतो. भट्टी विझू देणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. त्यासाठी मुंबईत माणसाला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढत.

इमामभाई फावड्यात कोळसा घेऊन उभे होते. मी म्हटलं, "घालू नका."

त्यांनी भट्टीच्या रंगाकडं पाहिलं. "आत्ता न्हाई घातला, तर सांजच्यापत्तोर रिटॉर्ट जाईल."

"माहीत आहे."

"तुमची नोकरी जाईल."

"तुमचीही जाईल, इमामभाई. म्हणून आधी विचारतोय."

इमामभाईंनी एकदा फाटकाकडं पाहिलं. मग त्यांनी फावड्यातला कोळसा परत ढिगावर ओतला, फावडं भिंतीला नीट टेकवलं आणि भट्टीचं दार सताड उघडलं. "माझ्या पोटी चार पोरं हायेत," म्हणाले. "काल हातात पोर थंड लागत हुतं."

मी जाऊन बाळाशेठना तोंडावर सांगितलं की भट्टी विझवतोय. ते धावत शेडमध्ये आले, इमामभाईंना ओरडले, मला ओरडले, स्वतः फावडं उचललं. पण भट्टीत कोळसा कसा मारायचा याचीही एक रीत असते. त्यांचा अर्धा कोळसा दाराबाहेर पडला आणि उरलेल्यानं विस्तव झाकला. दोन-तीन फावड्यांनंतर ते खाली बसले. "मास्तर, माझा चुना," एवढंच म्हणाले. दुपारी रिटॉर्ट तडकला. बंदुकीसारखा आवाज झाला. फाटकावरच्या लोकांनी हात जोडले.

अंमलदार आले ते त्यानंतर अर्ध्या तासानं. सगळं फिरून पाहिलं. पेट्या पाहिल्या, तडकलेला रिटॉर्ट पाहिला, फाटकावर खोकणारी पोरं पाहिली.

"मी हा कारखाना बंद करायचा हुकूम घेऊन आलो होतो," ते म्हणाले.

"बंद झालाय, साहेब."

"कुणी केला?"

"आपोआप," इमामभाई म्हणाले.

साहेबांनी त्यांच्या हाताकडं पाहिलं. पहिल्यांदाच ते हात काळे नव्हते. मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही. जाताना फाटकावर थांबून तिथल्या आयांना म्हणाले, दरबारचा हुकूम आहे, औषध संपलं. मी तासभर शहाणपण सांगितलं होतं त्यानं एक पाऊल हललं नव्हतं. "औषध संपलं" म्हटल्यावर सगळ्या निमूट उठल्या.

होल्डरमध्ये होता तो गॅस पेठेत दोन रात्री पुरला. तिसऱ्या रात्री दिवे गेले. दुसऱ्या दिवशी तो कापडवाला तक्रार घेऊन आला. "मास्तर, दिवे का बंद केलेत? सवय झाली होती."

बाळाशेठनी मला काढून टाकलं, पण गाडीत बसवायला स्वतः आले आणि शिदोरी दिली. होल्डरची घागर त्यांनी उताणी करून शेतात पाण्यासाठी ठेवली. इमामभाई पुढं मोटारसर्व्हिसच्या गाडीवर लागले. पारूचा खोकला त्याच्या वेळेनं, दसऱ्याच्या आसपास गेला. मारुतीनं ते मला मुद्दाम कळवलं. चुन्यामुळंच गेला, असंही कळवलं.

मला मुंबईत परत घेतलं, खालच्या पगारावर. पुढं फोरमन झालो. हाताखाली नवे फिटर आले की मी त्यांना एकच गोष्ट शिकवायचो. कुणी खोकतंय, कुरकुरतंय, वास येतो म्हणून भांडतंय, तोवर सावकाश जा, हत्यारं नीट घेऊन जा. सगळं शांत झालंय असं कुणी आनंदानं सांगितलं, तर हत्यारं तिथंच टाका आणि तिकडं पळत सुटा.